पितळ उघडं पडतं तेव्हा

गोळीबार थांबतो, सगळी पिस्तुलं रिकामी झाल्याची खात्री होते, आणि मग अमेरिकेतल्या नेमबाजीच्या रेंजवर एक दृश्य हमखास दिसतं. मघापर्यंत ताठ उभी असलेली माणसं कमरेत वाकतात आणि जमिनीवरून काहीतरी वेचू लागतात. कुणाच्या हातात प्लास्टिकची बादली असते, कुणाच्या हातात जाळीची पिशवी. आपल्याकडे पीक निघाल्यावर शेतात सरवा वेचतात, तसा हा पितळेचा सरवा. उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी न्यायच्या, घासून-पुसून त्यात नवं प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली छोटी टोपी), नवी दारू आणि नवी गोळी भरायची आणि पुढच्या आठवड्यात त्याच पुन्हा वापरायच्या, असा हा छंद आहे. त्याला तिकडे रीलोडिंग म्हणतात. गॅरेजमध्ये एक भक्कम टेबल, त्यावर बोल्टनं आवळलेला हातदांड्याचा प्रेस आणि शेजारी व्हर्नियर कॅलिपर, एवढा साधारण त्याचा संसार.

या छंदात नव्या माणसाला सगळ्यात आधी छळणारी अडचण एकच असते. काडतूस दिसायला अगदी दुकानातल्यासारखं झालेलं असतं, वजन बरोबर, चकाकी बरोबर. पण पिस्तुलात भरलं की चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या खोबणीत, पूर्ण बसत नाही. स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुढे येते आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर राहिले असताना थबकते. असं का होतं, दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, आणि ते शोधताना काय मुळीच करायचं नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. प्रश्न काडतुसाचा असला तरी त्याचं उत्तर फिटरच्या जातीचं आहे. भोसरीच्या किंवा सातपूरच्या वर्कशॉपमध्ये ज्यानं बुशमध्ये शाफ्ट बसवला आहे, त्याला ते लगेच पटेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा गुन्हा आहे, त्यामुळे हा उद्योग आपल्याकडे घरी करून बघण्याचा नाही. आपल्याकडे काडतुसं बनत आली ती मुख्यतः सरकारी कारखान्यांत. पुण्याजवळच्या खडकीला १८६९ पासून, आणि भुसावळजवळच्या वरणगावलाही. आपले नामांकित नेमबाजही पुंगळ्या भरत बसत नाहीत. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि स्वप्निल कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य. या दोन्ही प्रकारांत पॉइंट टू टू जातीचं छोटं काडतूस लागतं, आणि त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत ओतलेला असतो. एकदा ती कड पिनेनं चेपली की खेळ खलास. ती पुंगळी पुन्हा भरण्याची सोयच नसते. म्हणून हे नेमबाज वेगळ्या मार्गानं तेच काम करतात: कुठल्या बॅचची काडतुसं आपल्या नळीला मानवतात ते तपासून त्या बॅचचा साठा घेतात. काडतूस आणि नळी यांची जोडी जुळली पाहिजे, हे सूत्र दोन्हीकडे सारखंच.

पुन्हा भरता येते ती मधोमध प्रायमर असलेली पुंगळी. त्यातही दोन घराणी आहेत. एका प्रकारात प्रायमरच्या खोबणीला मधोमध एकच भोक असतं, ते इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सरचं. दुसऱ्यात दोन बारीक भोकं असतात, ते अमेरिकेच्या हायरम बर्डनचं. दोघांनीही आपापली पद्धत १८६० च्या दशकात आणली. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. एकाच भोकातून बारीक सळई घालून जुनं प्रायमर बाहेर ढकलता येतं, म्हणूनच अमेरिकेत हा छंद घरोघरी पोचू शकला.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. बसणं म्हणजे नेमकं काय?

जगात सर्वाधिक खपणारं पिस्तुलाचं काडतूस म्हणजे नऊ मिलिमीटर ल्यूगर. जर्मनीत गिऑर्ग ल्यूगरनं ते १९०२ च्या सुमारास घडवलं. त्याची पुंगळी नळकांड्यासारखी सरळ वाटते, पण ती सरळ नाही. बुडाशी तिचा व्यास जास्तीत जास्त ९.९३ मिलिमीटर, तोंडाशी ९.६५. म्हणजे ती किंचित निमुळती आहे, आपल्या पाणी प्यायच्या फुलपात्राला उलटं धरल्यासारखी. तिची लांबी जास्तीत जास्त १९.१५ मिलिमीटर आणि गोळीसकट अख्ख्या काडतुसाची २९.६९. ही मापं ठरवून देणाऱ्या दोन संस्था आहेत: अमेरिकेत १९२६ पासूनची ‘सामी’ आणि युरोपात १९१४ पासूनची ‘सी.आय.पी.’. त्यांनी चेंबरची किमान मापं आणि काडतुसाची कमाल मापं ठरवून दिली, म्हणून एका देशातलं काडतूस दुसऱ्या देशातल्या पिस्तुलात बसतं.

या निमुळत्या पुंगळीला चेंबरमध्ये अडवतं कोण? रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ती टेकली की काडतूस थांबतं. नऊ मिलिमीटर किंवा पॉइंट फॉर्टीफाइव्हसारख्या स्वयंचलित पिस्तुलाच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नसते. ते थांबतं पुंगळीच्या तोंडाच्या धारेवर. चेंबरच्या टोकाला एक अगदी अरुंद पायरी कोरलेली असते, त्या पायरीवर ही पितळी धार टेकते. त्या पायरीपासून मागच्या पोलादी भिंतीपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ही पायरी आणि पुंगळीची धार लक्षात ठेवा. निम्म्या अडचणींचं मूळ याच जागेवर आहे.

आणि हे अंतर किती नाजूक? आपला गवंडी किंवा सुतार ‘एक सूत’ म्हणतो तेव्हा तो इंचाचा आठवा भाग असतो, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला जरा कमी. इथं त्या सुताचा शंभरावा भाग निर्णायक ठरतो.

कारखान्यातून आलेलं नवं काडतूस सहसा बिनबोभाट बसतं. मग एकदा उडालेल्या पुंगळीचं काय बिघडतं? बार उडाला की आतल्या वायूचा दाब पितळेला चेंबरच्या भिंतीवर दाबून धरतो. नऊ मिलिमीटरसाठी या दाबाची ठरलेली कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, त्याच्या हजारपट. या दाबानं पितळ फुगतं, चेंबर घट्ट बंद करतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून पुंगळी पुन्हा भरण्याआधी तिला कठीण धातूच्या डायमधून, म्हणजे साच्यातून, दाबून परत बारीक करावं लागतं. पितळेच्या या स्वभावाची ओळख आपल्या तांबटांना पिढ्यान्‌पिढ्या आहे: ठोकलं की ते ताठर होतं आणि दाबलं तरी थोडं परत उसळतं. रीलोडिंगचा सगळा झगडा या उसळीशी आहे.

काम साधारण चार टप्प्यांत होतं. आधी जुनं प्रायमर काढून पुंगळी दाबून मापात आणायची. मग नवं प्रायमर बसवून पुंगळीचं तोंड कर्ण्यासारखं किंचित फुलवायचं, म्हणजे गोळी आत शिरताना तासली जात नाही. मग दारू भरून गोळी ठरलेल्या खोलीपर्यंत बसवायची. शेवटी फुलवलेलं तोंड परत सरळ करायचं, त्याला क्रिम्प म्हणतात. या प्रत्येक टप्प्यावर काडतूस मापाबाहेर जाऊ शकतं, आणि प्रत्येक चुकीची खूण पुंगळीवर वेगळ्या जागी उमटते. त्यामुळे काडतूस बसत नाही, एवढ्यावर कुठल्याच डायला हात लावू नये. ते कुठे अडतं हे आधी कळलं पाहिजे.

ते कळण्याची पहिली परीक्षा अगदी साधी आहे. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री करून, ते खोलून नळी बाहेर काढायची. नळी स्वच्छ पुसायची. मग तिचं चेंबरचं तोंड वर करून तिच्यात काडतूस नुसतं सोडायचं, ढकलायचं नाही. नीट बनलेलं काडतूस ‘टुप्प’ असा आवाज करून आत जातं, आणि त्याचं बूड नळीच्या मागच्या कडेशी जवळपास सपाट येऊन थांबतं. बोटानं फिरवलं तर सहज फिरतं. नळी उलटी केली तर आपल्या वजनानं खाली पडतं. या तीन गोष्टी झाल्या म्हणजे काडतूस पास. आवाज दबका आला, फिरवताना अडलं किंवा उलटं केल्यावर अंगठ्यानं ओढावं लागलं, तर नापास. अमेरिकेतले छंदी लोक या आवाजावरूनच या परीक्षेला ‘प्लंक टेस्ट’ म्हणतात. दहा काडतुसं बनवण्याआधी हीच परीक्षा प्रायमर आणि दारू नसलेल्या नमुना काडतुसावर करतात. त्यात पेटण्यासारखं काहीच नसतं, म्हणून ती टेबलावर निर्धास्तपणे करता येते.

नापास काडतुसाला बोलतं करणारी दुसरी परीक्षा मला फार आवडते. दुकानात मिळतो तो काळा मार्कर घ्यायचा आणि काडतूस बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत काळं करायचं. शाई वाळू द्यायची. मग ते नळीत अलगद सोडून अर्धा वळसा फिरवायचं आणि बाहेर काढून उजेडात बघायचं. जिथे ते पोलादाला घासलं, तिथली शाई निघालेली असते आणि खालचं पितळ लखलखताना दिसतं. मराठीत खोटेपणा बाहेर आला की आपण ‘पितळ उघडं पडलं’ म्हणतो. इथे अक्षरशः तेच होतं. जिथे पितळ उघडं पडलं, तिथे दोष. ही चमक साधारण चार जागी दिसते, आणि प्रत्येक जागेचा आरोपी वेगळा असतो.

पहिली जागा पुंगळीच्या तोंडाची कड. तिथे चमकदार कडं दिसलं तर गोळी बसवण्याआधी फुलवलेलं तोंड पुरतं सरळ झालेलं नाही. क्रिम्प कमी पडला. हा सगळ्यात सामान्य दोष आणि त्याचा उपाय सोपा: क्रिम्पची डाय अगदी थोडी खाली घ्यायची, पाव वळशापेक्षाही कमी, आणि पुन्हा परीक्षा करायची. क्रिम्प म्हणजे गोळीला आवळून धरण्याचा फास, असा नव्या माणसाचा समज असतो. पण पिस्तुलाच्या काडतुसात गोळीला खरी पकड पुंगळीच्या बारीक केलेल्या भिंतीची असते. क्रिम्पचं काम केवळ ते फुललेलं तोंड परत मिटवण्याचं.

तोंडाचं माप किती यावं, हे तोंडी हिशेबानं काढता येतं. गोळीच्या व्यासात पुंगळीच्या भिंतीची जाडी दोनदा मिळवायची. नऊ मिलिमीटरची तांब्याचं कवच असलेली गोळी साधारण ९.०२ मिलिमीटरची असते. भिंत ०.२८ ची धरली तर बेरीज ९.५८ येते, आणि मर्यादा ९.६५ ची. म्हणजे मोकळं काम. आता गोळी बदला: शिशाची, ९.०९ मिलिमीटरची, आणि पुंगळी जाड भिंतीची, ०.३२ ची. बेरीज होते ९.७३. इथे कितीही क्रिम्प केला तरी उपयोग नाही, कारण बेरीजच मर्यादेच्या बाहेर आहे. काही पुंगळ्या बसतात आणि काही बसत नाहीत, असा चक्रावून टाकणारा प्रकार होतो तो बहुधा यामुळे. सरव्यात दहा कंपन्यांच्या पुंगळ्या एकत्र आलेल्या असतात आणि त्यांच्या भिंती सारख्या जाडीच्या नसतात. उपाय एकच: बुडावरचा छाप बघून पुंगळ्या निवडायच्या, किंवा बारीक व्यासाची गोळी घ्यायची.

दुसरी जागा तोंडाच्या जरा खाली, गोळीच्या बुडाच्या आसपास. तिथे एका बाजूला चमक दिसली तर गोळी तिरकी बसली आहे. पुंगळीचं तोंड पुरेसं फुलवलं नव्हतं, म्हणून गोळी सुरुवातीलाच कलली. तिथे सभोवती अंगठीसारखा उंचवटा आला असेल तर दोष उलटा आहे: क्रिम्प जास्त झाला आणि दाबलेलं पितळ कुठेतरी जायला हवं, म्हणून खाली फुगलं. गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं ही दोन्ही कामं एकाच डायमध्ये एकाच दाबात उरकली, की हे जास्त घडतं. तोंड आधीच मिटू लागलेलं असतं आणि गोळी अजून खाली सरकत असते. मग तोंड गोळीला खरवडतं आणि शिशाचं किंवा तांब्याचं बारीक कडं तिथेच साचतं. ते कडं चेंबरच्या पायरीवर जाऊन अडतं. ही दोन कामं दोन वेगळ्या डायमध्ये केली की बहुतेकांचा त्रास तिथेच संपतो.

जास्त क्रिम्पचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. काडतूस पुंगळीच्या धारेवर टेकतं, हे वर आलंच आहे. ती धार आत वळवून टाकली, तर पायरीवर टेकायला काही उरत नाही आणि काडतूस हवं त्यापेक्षा खोल जातं. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला धार आत वळवणारा क्रिम्प चालतो, कारण ते बुडाच्या कडेवर थांबतं. स्वयंचलित पिस्तुलाला तो चालत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की असं होतं.

तिसरी जागा पुंगळीचं बूड. तिथे चमक दिसली तर पुंगळी खालपर्यंत नीट दाबली गेली नाही. डायच्या तोंडाला पुंगळी सहज आत शिरावी म्हणून थोडी गोलाई दिलेली असते, त्यामुळे बुडाजवळचा शेवटचा पट्टा पुरता दाबला जात नाही. डाय जरा वर बसली असेल तर तो पट्टा आणखी रुंद होतो. तेव्हा आधी डाय पुंगळी धरणाऱ्या तबकडीला टेकेपर्यंत खाली घ्यायची. तरीही चमक राहिली, तर पुंगळीचा इतिहास बघायचा. काही पिस्तुलांच्या चेंबरला खालच्या बाजूला, गोळी आत सरकण्याच्या उतारापाशी, पूर्ण आधार नसतो. तिथे पितळ एका बाजूनं पोट आल्यासारखं फुगतं. पॉइंट फॉर्टी जातीच्या पुंगळ्यांमध्ये हा प्रकार जास्त गाजला. अशी पुंगळी आरपार ढकलून सरळ करण्याच्या डाय मिळतात, पण नऊ मिलिमीटरची पुंगळी निमुळती असल्यानं तिला तो उपाय सरळ लागू पडत नाही. शिवाय पितळ जिथे एकदा ताणलं गेलं, तिथे ते कमकुवत झालेलं असतं. चांगलीच फुगलेली पुंगळी भंगारात टाकलेलीच बरी. पितळ स्वस्त आहे, डोळे नाहीत.

चौथी जागा पितळेवर नाहीच. ती गोळीवर आहे. गोळीच्या खांद्यावर शाई निघाली असेल आणि तिथे बारीक तिरक्या रेघा उमटल्या असतील, तर ती नळीतल्या पीळदार आट्यांना जाऊन टेकते आहे. काडतूस मापापेक्षा लांब झालं, असा याचा अर्थ. पण हे ‘माप’ प्रत्येक गोळीचं वेगळं असतं. टोकाला गोल निमुळती होत जाणारी गोळी लांब ठेवली तरी चालते. टोक छाटलेली किंवा पोकळ टोकाची गोळी जाडसर खांदा पुढपर्यंत नेते, त्यामुळे ती तेवढ्याच लांबीत आट्यांना भिडते. म्हणून एका पिस्तुलात सुरळीत चालणारं काडतूस मित्राच्या पिस्तुलात अडतं. त्याच्या नळीत आटे आधी सुरू होतात.

इथे एक सावधगिरी जिवाशी निगडित आहे. गोळी आट्यांना टेकते म्हटल्यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे ती आणखी आत बसवायची. उपाय बरोबर आहे, पण त्याची किंमत आहे. पुंगळीतली जागा आधीच तुटपुंजी. गोळी आत गेली की ती आणखी कमी होते आणि दाब झपाट्यानं वाढतो. म्हणून ते अंतर मनानं ठरवायचं नसतं. ती विशिष्ट गोळी बनवणाऱ्यानं आपल्या पुस्तिकेत दिलेल्या लांबीच्या खाली जायचं नाही, आणि लांबी कमी केली तर दारूचं माप पुन्हा पुस्तिकेतल्या सगळ्यात कमी आकड्यापासून सुरू करायचं. नमुना काडतूस नळीत मोकळं फिरू लागेपर्यंत लांबी थोडी थोडी कमी करत जायचं आणि मग अर्ध्या मिलिमीटरच्या आत थोडी मोकळीक सोडायची, ही सर्वसाधारण रीत.

चार जागांशिवाय दोन फुटकळ आरोपी आहेत. एक प्रायमर: ते पूर्ण खोल बसलं नसेल तर बूड सपाट राहत नाही. काडतूस काचेवर उभं करून बघायचं. डुगडुगलं तर प्रायमर वर आहे. दुसरं पुंगळीच्या बुडाची कड: पिस्तुलाच्या एक्स्ट्रॅक्टरनं, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्यानं, ती कधी कधी ओरबाडलेली असते. नख फिरवलं की खडबडीतपणा लागतो. पुंगळीच्या लांबीवरही अनेकांचा संशय जातो, पण पिस्तुलाची पुंगळी वापरागणिक फारशी लांबत नाही. संशय घेण्याआधी कॅलिपर लावलेला बरा.

आणि एक शक्यता शेवटी नव्हे, सुरुवातीलाच तपासायची: दोष काडतुसात आहे की पिस्तुलात? त्याच नळीत कारखान्याचं नवं काडतूस सोडून बघायचं. तेही अडलं तर चेंबरमध्ये काजळी किंवा शिसं साचलं आहे. तारेचा ब्रश आणि थोडं सॉल्व्हंट यांनी ते निघतं. कारखान्याचं बसलं आणि घरचं अडलं, तर दोष टेबलावर आहे. तसंच चेंबरमध्ये न बसणं आणि मॅगझिनमधून वर न येणं हे दोन वेगळे आजार आहेत. काडतूस नाक वर करून उतारावरच अडकलं असेल तर मॅगझिन, स्प्रिंग किंवा गोळीचा आकार बघायचा, क्रिम्प नव्हे.

स्पर्धेत उतरणारे नेमबाज यासाठी आणखी एक हत्यार वापरतात: पोलादी ठोकळ्यात काडतुसाच्या आकाराची भोकं पाडलेलं गेज. स्पर्धेच्या आदल्या रात्री शंभर काडतुसं त्यात उभी करायची आणि जे वर डोकावेल ते बाजूला काढायचं. आपल्या वर्कशॉपमधल्या गो-नो गो गेजचाच हा भाऊ. पण गेजचं भोक प्रमाणित मापाचं असतं, तुमच्या नळीचं नव्हे. गेजमध्ये नापास झालेलं काडतूस नळीत बसू शकतं, आणि गेजमध्ये पास झालेली लांब गोळी तुमच्या आट्यांना भिडू शकते, कारण बऱ्याच गेजमध्ये आटेच नसतात. अंतिम निकाल नळीचा.

आता जे मुळीच करायचं नाही ते. स्लाइड पूर्ण बंद झाली नाही तर तिच्यावर तळहाताचा फटका मारून ती बंद करायची नाही. बसत नसलेलं काडतूस जोरानं बसवलं तर ते बाहेर काढता येत नाही, आणि अर्धवट बंद स्लाइडमध्ये बार उडाला तर पुंगळीला मागून आधार नसल्यानं ती फुटू शकते. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवायचं, बोट घोड्यावरून दूर घ्यायचं आणि काडतूस बाहेर काढायचं. अडकलेल्या काडतुसाला पुढून सळई घालून ठोकायचं नाही; ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं. चेंबरला सँडपेपर मारून ते ‘मोकळं’ करायचं नाही. काडतुसाचा दोष पोलादावर काढला तर तो कायमचा राहतो. आणि एका वेळी दोन डाय हलवायच्या नाहीत. दोन्ही हलवल्या आणि काडतूस बसलं, तर कुठल्या बदलानं बसलं हे कधीच कळत नाही.

ही शेवटची शिस्त कुठल्याही बारीक कामाला लागू आहे, पण इथे तिच्यामागे ३५,००० पीएसआय उभे आहेत. गोळी आत ढकलून, तोंड आवळून किंवा स्लाइड ठोकून अडचण दिसेनाशी करता येते; ती सुटत नाही. अडचण सुटते ती मार्कर लावून, नळीत सोडून आणि जिथली शाई गेली तिथे शांतपणे बघून. काडतूस अडलं तर ताकद लावू नका, त्याचं पितळ उघडं पडू द्या. उरलेलं काम दोन मिनिटांचं आणि एका पान्याचं आहे.